पटावरचे नाव टिकवण्यासाठी : गर्भवती आणि आई झालेल्या विद्यार्थिनींच्या बाबतीत शाळेने करावयाची कामे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातल्या ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गर्भवती होत्या. आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लागलेले होते. परभणी जिल्ह्यात हे दुसरे प्रमाण ४८ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ टक्के होते. मराठवाड्यातल्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांवर असा प्रसंग कधीच आला नाही, असे सहसा होत नाही. आला आणि कळला नाही, असे मात्र पुष्कळदा होते. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती कोयत्यामागे, आणि सहा महिने गावाबाहेर राहायचे तर वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, या विवंचनेत दिवाळीच्या आतबाहेर तिचे लग्न उरकले जाते. मुलगी सुट्टीनंतर येत नाही, ती आईवडिलांबरोबर फडावर गेली असेल असे वर्गात गृहीत धरले जाते, आणि पाडव्याच्या सुमारास वडील दाखला मागायला येतात.

हा दाखला देण्याचा क्षण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ हे दोन शब्द लिहिले की कागदोपत्री प्रकरण संपते. ती विनंती पालकांनी आपणहून केली की ‘आता हिला इथे ठेवणे बरे दिसणार नाही’ असे शाळेतूनच कोणीतरी सुचवल्यावर केली, हे त्या रकान्यात दिसत नाही. पुढे जे टप्पे दिले आहेत, त्यांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : मुलीचे नाव पटावर राहिले पाहिजे, आणि कायद्याने शाळेवर टाकलेले काम करताना तिने शाळेलाच घाबरू नये. मुलगी विवाहित असो वा अविवाहित, संबंध तिच्या मर्जीने आलेले असोत वा जबरदस्तीने, शाळेच्या कामात त्यामुळे काही फरक पडत नाही.

पहिला टप्पा : कळल्यावर तिच्याशी कोण आणि कसे बोलणार

बातमी बहुधा आडवाटेनेच येते. एखादी मैत्रीण सांगते, कवायतीच्या तासाला मुलगी वारंवार बसून राहते, सकाळच्या परिपाठात तिला चक्कर येते. अशा वेळी तिला शिक्षक-खोलीत बोलावून चार जणांसमोर विचारणे, तिच्या पोटाकडे पाहून अंदाज बांधणे किंवा औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणून शाळेच्या स्वच्छतागृहात तपासणी करवणे, यांपैकी काहीही करू नये. शाळा म्हणजे दवाखाना नव्हे आणि पोलीस ठाणेही नव्हे. जिच्यावर मुलीचा विश्वास आहे अशा एकाच शिक्षिकेने, दार ढकललेले पण कडी न लावलेले अशा खोलीत, तिच्याशी बोलावे. शाळेत सखी सावित्री समिती असते (शालेय शिक्षण विभागाच्या २०२२च्या शासन निर्णयानुसार ती प्रत्येक शाळेत असावीच लागते), तिच्यातली महिला सदस्य या कामासाठी योग्य. मात्र संपूर्ण समितीपुढे मुलीला उभे करू नये.

बोलण्याची सुरुवात साधी असावी. “तुला बरे वाटत नाही असे मला दिसते आहे. तुला सांगावेसे वाटेल तेवढेच सांग. तुझे नाव शाळेतून कमी होणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.” यातले शेवटचे वाक्य आधी सांगणे आवश्यक आहे, कारण मुलीच्या मनात पहिली भीती तीच असते. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ हे आश्वासन मात्र शिक्षिकेने देऊ नये, कारण ते पाळता येणारे नाही. त्याऐवजी, ‘कायद्याने ज्यांना सांगावे लागते त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन’ असे म्हणावे. दिवस कसे गेले, कोणापासून गेले, किती वेळा काय घडले, याची उलटतपासणी करू नये. मुलीने आपणहून जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तो कागद मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावा.

त्या दिवशी ती सुरक्षितपणे घरी जाऊ शकते का, हा प्रश्न विसरला जातो. ज्या माणसापासून तिला धोका आहे तो घरातलाच असेल, किंवा हे कळताच घरचे मारहाण करतील अशी तिला भीती असेल, तर घरी कळवण्याआधी १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करून जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा सल्ला घ्यावा.

दुसरा टप्पा : पोलिसांना कळवण्याचे बंधन

येथे बहुतेक शाळा चाचपडतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या कायद्यात, म्हणजेच पॉक्सोमध्ये, अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. त्या वयाची मुलगी गर्भवती असेल, तर तिची संमती कायद्याच्या हिशेबात धरली जात नाही. लग्न झालेले आहे म्हणूनही सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७च्या निकालात अल्पवयीन पत्नीच्या बाबतीत पतीला असलेली सूट काढून टाकली. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची असते, आणि न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शाळेतल्याच कर्मचाऱ्याचा गुन्हा प्रमुखाने दडवला तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. ‘मी मुख्याध्यापकांना सांगितले होते’ एवढ्याने शिक्षिकेची जबाबदारी संपत नाही. म्हणून मुख्याध्यापक टाळाटाळ करत असतील तर तिने स्वतः कळवावे. सद्हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, असे संरक्षण कलम १९ मध्येच आहे.

तक्रार गेल्यावर घर उद्ध्वस्त होते, तरुण तुरुंगात जातो आणि मुलगी शाळेपासून कायमची तुटते, असा अनुभव अनेक शिक्षक सांगतात, आणि तो खोटा नाही. परंतु कळवावे की नाही हा पर्याय कायद्याने शाळेपुढे ठेवलेला नाही. कसे कळवावे एवढेच शाळेच्या हातात आहे, आणि त्यात पुष्कळ काही करता येते. आधी मुलीला सांगावे. माहिती लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, आणि पत्रात मुलीने सांगितले त्यापलीकडे स्वतःचे तर्क घालू नयेत. पत्राची एक प्रत बालकल्याण समितीला पाठवावी. पोलिसांनीही चोवीस तासांच्या आत समितीला कळवणे बंधनकारक आहे. पण शाळेने स्वतः कळवल्यास मुलीला मदतीसाठी ‘सहायक व्यक्ती’ लवकर मिळण्याची शक्यता वाढते.

मुलीचे हक्क शाळेला पाठ असावेत, कारण त्या गडबडीत ते दुसरे कोणी सांगत नाही. जबाब तिच्या घरी किंवा तिच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. आईवडील किंवा तिच्या विश्वासातील व्यक्ती सोबत असू शकते. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरांनी करायची असते. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाब शाळेत घ्यायचे ठरले, तर पोलिसांची गाडी मधल्या सुट्टीत फाटकासमोर उभी राहणार नाही, एवढे मुख्याध्यापकांनी आधी फोन करून पाहावे. आणि वकिलाचा खर्च कोण करणार म्हणून पालक हबकलेले असतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे त्यांना सांगावे.

गावकीत आणखी एक तोडगा हमखास पुढे येतो : दोन्ही घरची माणसे बसवून लग्न लावून द्यायचे आणि प्रकरण मिटवायचे. शाळेच्या कोणत्याही माणसाने अशा बैठकीला जाऊ नये, मध्यस्थी तर मुळीच करू नये. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणारे, त्याला उत्तेजन देणारे आणि ते न थांबवणारेही गुन्हेगार ठरतात. लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हेच ग्रामीण भागातले बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना आणि १०९८ला तत्काळ कळवावे.

तिसरा टप्पा : दवाखाना

गर्भ ठेवायचा की नाही, हा निर्णय मुलीचा, तिच्या पालकांचा आणि डॉक्टरांचा आहे. शिक्षकांनी त्यात आपले मत घालू नये, ना नैतिकतेच्या नावाने, ना व्यवहाराच्या. शाळेने एकच गोष्ट लक्षात ठेवावी, की येथे आठवडे मोजले जातात. वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने, आणि २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अल्पवयीन मुली २४ आठवड्यांची मुभा असलेल्या गटात स्पष्टपणे मोडतात, आणि पालकाची लेखी संमती लागते. २४ आठवडे उलटल्यावर वैद्यकीय मंडळ आणि न्यायालयाच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणून ‘परीक्षा होऊन जाऊ द्या, मग पाहू’ असे शाळेने कधीही म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात, अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना दिलेल्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले आहे; ही सवलत डॉक्टरांपुरती आहे, शिक्षकांनी ती स्वतःला लागू आहे असे समजू नये.

गर्भ राहणार असेल तर आशाताईंमार्फत उपकेंद्रात नोंद करून माता-बाल संरक्षण कार्ड काढून घ्यावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशीची तिची गैरहजेरी आधीच मंजूर आहे असे वर्गशिक्षिकेने तिला सांगून ठेवावे. कोवळ्या वयातली गर्भधारणा जोखमीची असते, रक्तक्षय, रक्तदाब वाढणे आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होणे यांचा धोका अधिक असतो, म्हणून तपासणी चुकवू देऊ नये.

शाळेतल्याच दोन गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते. किशोरवयीन मुलामुलींना शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. गर्भवतीला मात्र लाल गोळी रोज घ्यायची असते. त्यामुळे उपकेंद्रातून मिळालेली लाल गोळी ती रोज घेते की नाही, हे सिस्टरांनी पाहायचे, आणि ती चालू असताना शाळेतली निळी गोळी तिला द्यायची की नाही, हेही त्यांनाच विचारायचे. दुसरी गोष्ट राष्ट्रीय जंतनाशक दिनाची. त्या दिवशी अख्ख्या वर्गाला शिक्षकांसमोर गोळी चावून खायला लावतात. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत जंतनाशक देत नाहीत. अशा दिवशी तिला सगळ्यांसमोर वगळले तर वर्गाला कळते आणि न वगळले तर चूक होते. तिला त्या दिवसाची रजा आदल्या दिवशीच देऊन ठेवावी, हे उत्तम.

चौथा टप्पा : पट, दाखला आणि नोंदी

इयत्ता आठवीपर्यंत प्रश्नच नाही. शिक्षणहक्क कायदा २००९च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम १७ मानसिक छळालाही मनाई करते. ‘तुझ्यामुळे शाळेचे नाव खराब झाले’ हे वाक्य त्या कलमाखाली येते. मात्र हे प्रसंग अधिककरून नववी ते बारावीत येतात आणि तेथे हा कायदा थांबतो. तेथे शाळेचा स्वतःचा लेखी निर्णय हवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत, कोणत्याही मुलीचे प्रकरण समोर नसताना, ‘गर्भधारणा, प्रसूती किंवा विवाह या कारणाने कोणत्याही विद्यार्थिनीचे नाव पटावरून कमी केले जाणार नाही आणि तिला दाखला घेण्यास सुचवले जाणार नाही’ असा ठराव करून ठेवावा. प्रकरण उभे राहिल्यावर ठराव मांडला, तर चर्चा त्या एका मुलीच्या चारित्र्यावर जाते. केनियात शाळेत परत घेण्याचे धोरण १९९४पासून आहे आणि दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये असे राष्ट्रीय धोरण केले. आपल्याकडे एखाद्या शाळेला एका ओळीच्या ठरावाने सुरुवात करता येते.

वडील दाखला मागायला आलेच, तर तो नाकारता येत नाही, पण लगेच हातात ठेवण्याचीही गरज नसते. दाखला कशासाठी हवा आहे, दुसऱ्या कोणत्या शाळेत प्रवेश घेतला जाणार आहे, हे विचारावे. शाळा बदलायचीच नसेल तर दाखल्याचा उपयोग काहीच नाही, आणि नाव कमी झाले की मुलींचा मोफत एसटी पास, शिष्यवृत्ती व परीक्षेचा अर्ज हे सगळे एकदम बंद होते, हे त्यांना शांतपणे समजावावे. ‘दादा, तिचे नाव राहू द्या, बाळंतपण होऊन सव्वा महिना झाला की मग आपण बोलू’ एवढे सांगितल्यावर बरेच पालक थांबतात. त्यांनाही कोणीतरी मार्ग दाखवायला हवा असतो. दाखला द्यावाच लागला तर कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ याखेरीज काही लिहू नये. ‘विवाह झाल्याने’ असे लिहिणे म्हणजे तिच्या आयुष्यभराच्या कागदावर शिक्का मारणे होय. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहावे.

ऑनलाइन नोंदींतही काळजी घ्यावी. यू-डायस प्लसवर (शाळा-विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालीवर) मुलगी ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये टाकली गेली, तर दुसऱ्या शाळेने तिला तेथून घेईपर्यंत ती कोणत्याही शाळेची नसते. वर्षअखेरीस वर्ग पुढे सरकवताना तिची नोंद हाताने तपासावी. लग्न झाले म्हणून जनरल रजिस्टरमध्ये सासरचे नाव लावण्याची घाई तर मुळीच करू नये. पुढे गुणपत्रिका, आधार आणि दाखला यांवर तीन नावे निघतात आणि त्यांची दुरुस्ती करता करता वर्ष जाते.

पाचवा टप्पा : गर्भारपणात शाळेत

येथील बदल लहान आहेत आणि त्यांना पैसे लागत नाहीत. तिला दाराजवळच्या बाकावर बसवावे, स्वच्छतागृहात जायला परवानगी विचारायला लावू नये, पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा तासाला जवळ ठेवू द्यावा. कवायत, खेळ आणि परिपाठात उभे राहणे यांतून सूट द्यावी. अनेक शाळांत सकाळी वर्ग झाडणे, पाण्याच्या बादल्या भरणे ही कामे मुलींकडेच असतात. त्या पाळीतून तिचे नाव काढावे, पण ते पूर्ण गटाची पाळी बदलून काढावे, म्हणजे बोट तिच्याकडे जात नाही. गणवेश घट्ट होऊ लागला की त्याच रंगाचा सैल कुडता चालेल असे वर्गशिक्षिकेने स्वतःहून सांगावे.

धोक्याची लक्षणे शिक्षक-खोलीतील प्रत्येकाला माहीत असावीत : तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे. यांपैकी काहीही दिसले तर पालक येण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर्गाला काय सांगायचे, हा प्रश्न शिक्षक मोठा करतात. वर्गाला काहीही सांगायचे नसते. पॉक्सोच्या कलम २३ने पीडितेचे नाव, पत्ता, कुटुंबाची माहिती आणि शाळासुद्धा प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेला एक संदेश गावभर होण्यास पुरेसा असतो. कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना कामापुरते कळणे आवश्यक आहे, अशा दोन-तीन जणांनाच सांगावे. इतर पालक विचारायला आले तर मुख्याध्यापकांचे उत्तर एकच असावे : कोणत्याही विद्यार्थिनीविषयी शाळा दुसऱ्या पालकांशी बोलत नाही. शिक्षकांपैकी कोणी टोमणा मारला, तर त्याच दिवशी, खासगीत, पण लेखी समज द्यावी.

सहावा टप्पा : बाळंतपणाचे महिने आणि परीक्षा

आठव्या महिन्याच्या सुमारास मुलगी घरी थांबेल, त्याआधी एक पानाचा आराखडा तयार करावा : कोणत्या विषयांचे कोणते धडे राहतील, स्वाध्याय कोण पोहोचवील, आठवड्यातून कोणत्या दिवशी एक शिक्षिका फोन करील, आणि परत येण्याची अंदाजे तारीख कोणती. ही तारीख लिहिणे महत्त्वाचे आहे. घरात सव्वा महिन्याचा हिशेब आधीच ठरलेला असतो, त्याला जोडूनच ती ठरवावी, म्हणजे आजीलाही ती पटते. स्वाध्याय पोहोचवायला त्याच गल्लीतली मैत्रीण असेल तर बरे. मुलांच्या हाती वह्या पाठवू नयेत.

दहावी-बारावीच्या मुलींच्या बाबतीत हजेरीचा प्रश्न येतो. दवाखान्याची कागदपत्रे जोडून शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव वेळेवर पाठवावा. त्यात निदानाचा तपशील न लिहिता ‘वैद्यकीय कारण’ एवढेच लिहावे आणि प्रमाणपत्र बंद पाकिटात जोडावे. प्रसूती नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असेल, तर पुरवणी परीक्षेचा विचार आधीच करून ठेवावा.

ज्या मुलीला नियमित येणे अशक्यच आहे, तिच्यासाठी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे राज्य मंडळाचा फॉर्म नंबर १७, म्हणजे खासगीरीत्या परीक्षेला बसणे. येथे मूळ दाखला जोडावा लागतो, म्हणजे शाळा बदलण्याखेरीज दाखला देण्याचे हे एकच रास्त कारण मला दिसते. तेही अर्ज भरण्याची तारीख जाहीर झाल्यावर, आणि शाळेतल्याच कोणीतरी शेजारी बसून अर्ज भरून दिल्यावर. दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तेथे दहावीसाठी वयाची चौदा आणि बारावीसाठी पंधरा वर्षे पूर्ण असावी लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकदा केलेली नोंदणी पाच वर्षे चालते, त्यामुळे तान्हे बाळ असताना दोन-दोन विषय सोडवत जाता येते. हा मार्ग सोयीचा आहे, म्हणून तो शाळेने आपली सुटका करून घेण्यासाठी सुचवू नये. आधी नियमित वर्ग, तो जमलाच नाही तर हे.

सातवा टप्पा : बाळ झाल्यावर

परत येण्याचा पहिला आठवडा जड असतो. साडेदहा ते पाच बाळाला कोण सांभाळणार, याचे उत्तर मिळाल्याशिवाय बाकी योजना निरर्थक आहे. अंगणवाडीत तीन वर्षांखालील बाळाला सहसा दिवसभर ठेवता येत नाही. त्या वयासाठी घरपोच आहार मिळतो, सांभाळ नाही. पाळणा योजनेखालील अंगणवाडी-पाळणाघर जवळपास असेल तर सहा महिन्यांपुढच्या बाळाला तेथे ठेवता येते. एरवी आजी, आत्या किंवा शेजारीण असते, आणि तिच्याशी मुख्याध्यापकांनी एकदा स्वतः बोलावे, कारण त्या एका बाईच्या हो-नाहीवर मुलीचे शिक्षण अवलंबून असते. सुरुवातीचे काही आठवडे मुलीला फक्त गणित, विज्ञान आणि इंग्रजीच्या तासांना बोलवावे आणि तसा बदल वेळापत्रकात करून ते तास लागोपाठ घ्यावेत.

पहिले सहा महिने बाळ अंगावरच असते. घर जवळ असेल तर मधल्या सुट्टीत तिला जाऊन येऊ द्यावे आणि परतीला दहा-पंधरा मिनिटे उशीर झाला तर विचारू नये. घर लांब असेल तर दूध काढण्यासाठी कडी असलेली एक खोली, खुर्ची, हात धुण्याची सोय आणि झाकणाची स्वच्छ स्टीलची डबी एवढे पुरते. काढलेले दूध साध्या तापमानाला सुमारे चार तास टिकते, पण एप्रिलमध्ये मराठवाड्यात तेवढाही भरवसा धरू नये. छाती दाटून ताप आलेली मुलगी तासाला नुसतीच बसून राहते आणि कोणाला सांगत नाही. वर्गशिक्षिकेने हे ओळखावे.

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्यावी. अविवाहित आईला वडिलांच्या नावाशिवाय, स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर, बाळाचा जन्मदाखला मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. बाळ दत्तक द्यायचे ठरले असेल, तर ते बालकल्याण समितीपुढेच आणि बाल न्याय कायद्याप्रमाणे सोपवावे लागते. त्यानंतर फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. या दिवसांत मुलगी शाळेत असेल तर ‘बाळ कुठे आहे’ हा प्रश्न तिला कोणीही विचारू नये, कौतुकानेसुद्धा नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तिच्यासारखीच्या बाळंतपणाला आसरा देणारी जागा या राज्यात इतकी जुनी आहे, हे इतिहासाच्या तासाला त्या वर्गात शिकवताना तिच्याकडे न पाहता शिकवावे.

पैशांची वाट

पंतप्रधान मातृवंदना योजनेचा लाभ अल्पवयीन आईला मिळत नाही, त्यामुळे पालकांना त्या आशेवर हेलपाटे घालायला लावू नये. सरकारी रुग्णालयातील प्रसूती, औषधे आणि ने-आण मात्र जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. गुन्हा नोंदला असल्यास मनोधैर्य योजनेचा (अत्याचारपीडितांना राज्याकडून मिळणाऱ्या अर्थसाहाय्याचा) अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. गर्भवती राहिलेल्या पॉक्सो पीडित मुलींसाठी केंद्राने २०२३ मध्ये निर्भया निधीतून स्वतंत्र योजना सुरू केली असून तिच्यासाठी मुलीकडे एफआयआरची प्रत असण्याची सक्ती नाही. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करावी आणि शाळेने बोनाफाईड प्रमाणपत्र त्याच दिवशी द्यावे.

ज्याच्यापासून दिवस गेले तो मुलगा त्याच शाळेतला असेल तर

तो अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि त्याचेही नाव पटावर राहते. दोघांचे वर्ग किंवा तुकड्या वेगळ्या करायच्या झाल्या तर बदल त्याच्या तुकडीत करावा. तिला उठवून दुसरीकडे बसवले तर शिक्षा तिला झाली असाच अर्थ वर्ग काढतो. त्याच्याशी बोलण्यासाठी एका पुरुष शिक्षकाची नेमणूक करावी. आरोग्य केंद्रातील मैत्री क्लिनिक (किशोरवयीनांसाठीचे सल्ला केंद्र) मुलांसाठीही असते.

सासर दुसऱ्या गावी असेल तर

मुलगी सासरी गेली की शाळा तिला विसरते. तेथील शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून प्रवेश निश्चित झाल्यावरच दाखला काढावा, आणि तो टपालाने शाळेतून शाळेत पाठवावा. नव्या शाळेला ती गर्भवती आहे एवढेच, आणि तेही तिच्या होकाराने सांगावे. गुन्ह्याची कागदपत्रे दाखल्यासोबत जात नाहीत. बालविवाह कायद्याने मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत, म्हणजे वीस वर्षे पूर्ण होण्याआधी, न्यायालयाकडून तो विवाह रद्द करून घेता येतो आणि त्यामुळे तिच्या बाळाच्या हक्काला बाध येत नाही, हे तिला निरोप देताना सांगावे, आणि कागदावर विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून द्यावा.

मुख्याध्यापकांची बदली झाली तर कपाटातले ते बंद पाकीट, पोलिसांच्या पोचेची प्रत, विभागीय मंडळाशी झालेला पत्रव्यवहार आणि परतीच्या तारखेचा कागद हे सर्व नव्या मुख्याध्यापकांच्या हाती, सही घेऊन द्यावे. वर्गशिक्षिकेच्या वहीत मात्र फक्त तारीख आणि फोन करण्याचा दिवस ठेवावा.